शेजारच्या टेबलावरचा पाव

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

लोकलमध्ये लटकत असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल किंवा भांडी घासताना कानात इयरफोन घालून असाल, तुमचं स्वागत आहे. आजचा विषय इतिहासाचाच आहे. पण सुरुवात मात्र मागच्या रविवारी एका मॉलच्या फूड कोर्टमध्ये झाली.

मी आणि माझी मैत्रीण बर्गर खात बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. मोठा मुलगा फ्राइज खात होता. धाकटा अडीच-तीन वर्षांचा असेल. त्याच्यासमोर मोबाइलवर कार्टून चालू होतं आणि आई मधूनमधून त्याला कोल्ड्रिंकचा घोट देत होती. मी मैत्रिणीला हळूच म्हटलं, "अगं बघ ना. एवढ्याशा पोराला कोल्ड्रिंक! घरी दोन पोळ्या करायचा कंटाळा येतो का या लोकांना?"

ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या ट्रेमध्ये काय आहे?"

माझ्या ट्रेमध्ये डबल चीज बर्गर होता. शिवाय वर क्रीम घातलेली कोल्ड कॉफी.

आम्ही हसलो आणि विषय संपला. पण "या लोकांना" हा शब्द घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. 'हे लोक' म्हणजे कोण? मी त्यांना ओळखत नव्हते. आठवड्यात माणूस साधारण 21 वेळा जेवतो. त्यातलं एक जेवण मी पाहिलं, तेही अर्धं, आणि त्यावरून आख्ख्या घराचा निकाल लावून मोकळी झाले.

मग नेहमीसारखं झालं. शोधायला बसले आणि पार 1849 सालापर्यंत मागे गेले. कारण बाहेर जाऊन कोण काय खातंय, कुणाच्या हातचं खातंय, यावर नजर ठेवण्याचा आपल्याकडचा इतिहास चांगलाच लांबलचक आहे. आणि त्यात एक पदार्थ पुन्हा पुन्हा भेटतो. पाव! बर्गरचा बन म्हणजे शेवटी पावाचाच भाऊ. तर आज आपण पावाचा माग काढत जाऊ.

गुप्त सभा आणि पावाचा तुकडा

पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, हे तुम्हाला माहीत असेल. गोव्यात पीठ फुगवण्यासाठी माडाची ताडी, म्हणजे सूर, वापरायचे. आता विचार करा. पीठ आंबवलेलं, त्यात ताडी, भाजणारा ख्रिश्चन नाहीतर मुसलमान. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घराला यात एकही गोष्ट चालणारी नव्हती. 'पाव पायाने तुडवून मळतात, म्हणून त्याचं नाव पाव' अशी व्युत्पत्तीसुद्धा लोकांनी तयार केली होती. माझी आजी तर शेवटपर्यंत हेच सांगायची. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, गावाने न कळत ते पाणी प्यायलं आणि आख्खं गाव बाटलं, अशी गोष्ट वसईकडे आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पावाच्या एका तुकड्याने माणसाचा धर्म जातो, असं जिथे मानलं जात होतं तिथे पाव खाणं हे बंड होतं.

आणि मुंबईत काही तरुणांनी ते बंड केलं. 1849 साली परमहंस सभा नावाची एक गुप्त संस्था सुरू झाली. तिच्या मुख्य लोकांमध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारे तेच दादोबा. सभेचं म्हणणं सरळ होतं: देव एक आहे आणि जात मानायची नाही. पण नुसतं बोलून भागायचं नाही. सभासद व्हायचं असेल तर ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. ती तिथली प्रवेश परीक्षा होती.

आज तुम्ही कॉलेजच्या गेटवर वडापाव खाता, त्यातला निम्मा ऐवज त्या काळात क्रांतीचं हत्यार होता!

सभा दहा-अकरा वर्षं चालली. मग 1860 च्या सुमारास तिची कागदपत्रं चोरीला गेली. त्यांत सभासदांची नावं होती. ती यादी आता जाहीर होणार या भीतीने सभाच मोडली. एका विचाराने जमलेली मंडळी घाबरून पांगली. आपले विचार उघड होतील याची भीती होतीच, पण आपण काय खाल्लं हे घरच्यांना, भाऊबंदांना कळेल ही भीती त्याहून मोठी होती. पुढे 1867 साली प्रार्थना समाज स्थापन झाला. त्यात या जुन्या मंडळींपैकी काही जण होते, दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंगही होते. पण या वेळी समाज उघडपणे स्थापन झाला आणि पाव खाण्याची अट गेली.

चोरीला गेलेली यादी लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीतही एक यादी आहे.

पुण्यातला सगळ्यात महाग चहा

ऑक्टोबर 1890. पुण्यातलं पंच हौद मिशन. ख्रिश्चन मिशनऱ्यांनी शहरातल्या प्रतिष्ठित लोकांना व्याख्यानासाठी बोलावलं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणखीही बरीच मंडळी होती. व्याख्यान झालं आणि चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी मान राखायचा म्हणून नुसता कप हातात धरला, कुणी घोटभर पिऊन बाजूला ठेवला.

या सगळ्याच्या मागे गोपाळराव जोशी होते. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशींचे यजमान. माणूस भारी खोडकर. मोठमोठ्या लोकांच्या बोलण्यात आणि वागण्यात किती अंतर आहे ते चव्हाट्यावर आणायची त्यांना हौस. चहा घेणाऱ्यांची नावं फुटली आणि 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली. आजच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला.

मग पुण्यात जे झालं त्याला ग्रामण्य म्हणतात. ग्रामण्य म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा खटला. आपल्याला हा शब्द आता जुना आणि जरा गंमतीदार वाटतो. पण त्याचा अर्थ काय होता पहा. तुमच्या घरी भटजी येणार नाहीत. श्राद्ध अडेल, मुंज अडेल, मुलीचं लग्न अडेल. पंगतीत तुमचं पान मांडलं जाणार नाही. आणि त्रास चहा पिणाऱ्या पुरुषापुरता राहायचा नाही, तो त्याच्या घरातल्या बायका-मुलांपर्यंत जायचा. चहा एकाने प्यायचा आणि माहेरपण दुसरीचं बंद व्हायचं.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. म्हणजे कुणी किती घोट चहा घेतला याची रीतसर चौकशी झाली, मंडळी! टिळकांनी शास्त्राच्या आधारे आपली बाजू मांडली आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. त्यावर सुधारक मंडळी नाराज झाली, कारण ज्यांच्याकडे पाहून इतरांनी धीर धरायचा तेच नमले. आपल्यामुळे मित्रांच्या घरच्यांची कोंडी होते, हे रानड्यांना सहन झालं नव्हतं. रमाबाई रानड्यांच्या आठवणींच्या पुस्तकात हा सगळा प्रसंग आहे. तो वाचताना वाद बाजूला राहतो आणि एका घरावर किती ताण आला होता ते कळतं.

मला या गोष्टीत काय दिसतं सांगते. टिळक आणि रानडे ही काही साधी माणसं नव्हती. एक सरकारला न घाबरणारा, दुसरा सरकारी न्यायाधीश. पण शेजारच्या घरातली नजर इंग्रज सरकारपेक्षा जड होती.

हॉटेल आणि संविधान

आता मुंबईत येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला शहरात इराणी हॉटेलं उघडायला लागली. कयानी 1904 ची, ब्रिटानिया 1923 ची. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, बन मस्का आणि चहा. तिथे शेजारच्या टेबलावर कारकून असेल, हमाल असेल, वकील असेल. एकाच छपराखाली, एकाच भट्टीतला पाव. जुन्या घरांमध्ये 'तो इराण्याकडे जातो' हे वाक्य जरा आवाज खाली करूनच बोललं जायचं.

पण सगळीच हॉटेलं अशी नव्हती. जातीचं नाव पाटीवर असलेल्या खाणावळी आणि उपाहारगृहं होती. आणि गावोगावच्या चहाच्या टपरीवर दलित माणसासाठी वेगळी कपबशी असायची. ती त्याने स्वतः विसळून ठेवायची. आत्तापर्यंत मी तुम्हाला ज्या गोष्टी सांगितल्या त्या बऱ्या घरच्या लोकांच्या. त्यांना निदान प्रायश्चित्त घेऊन परत आत येण्याची सोय होती. ज्याला मुळातच टेबलावर बसू दिलं नाही, त्याने कसलं प्रायश्चित्त घ्यायचं?

म्हणून संविधानातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. स्पर्धा परीक्षावाल्यांना पाठ असेल: कलम 15, उपकलम 2. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे जाण्यापासून अडवता येणार नाही. पुढे विहिरी, तलाव, रस्ते यांचाही उल्लेख आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात उपाहारगृह हा शब्द घालावा लागला! 26 जानेवारी 1950 पासून शेजारच्या टेबलावर कुणीही बसू शकतं, हा हक्क झाला. आज आपण फूड कोर्टमध्ये ट्रे घेऊन मिळेल त्या खुर्चीवर बसतो, त्याच्यामागे ही एवढी लढाई आहे.

कायद्याने खुर्ची दिली. पण नजर? तिने कारण बदललं. 'बाटेल' हे म्हणता येईना, तर मग 'हे लोक खातात तरी काय' असं सुरू झालं. ते कसं, हे बघायला आपल्याला आधी इंग्लंडला जावं लागेल. घाबरू नका, परत गिरणगावातच यायचंय.

ओल्डहॅम ते लालबाग

मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 साली कावसजी दावरांनी काढली. पुढे शंभरेक वर्षं गिरण्यांचा भोंगा हेच या शहराचं घड्याळ होतं. या गिरण्यांमधली यंत्रं मोठ्या प्रमाणावर इंग्लंडच्या लँकशायर भागातून यायची. तिथल्या ओल्डहॅम गावची प्लॅट ब्रदर्स ही कंपनी त्यात मोठी.

आता योगायोग बघा. याच ओल्डहॅमच्या टॉमीफील्ड मार्केटमध्ये 1860 च्या आसपास तळलेल्या बटाट्याच्या चिप्स विकायला सुरुवात झाली, असा तिथल्या लोकांचा दावा आहे. शेजारचं मॉस्ली म्हणतं, फिश अँड चिप्सचं पहिलं दुकान आमचं. लंडन म्हणतं, आमचं. भांडण चालूच आहे. पण फिश अँड चिप्स वाढलं ते गिरणी कामगारांच्या गावांमध्ये, यात शंका नाही. 1910 च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशी 25,000 दुकानं होती. ज्याला आपण फास्ट फूड म्हणतो त्याचा हा एक पहिला अवतार. गरम, स्वस्त, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ओळखीचं वाटतंय ना?

आणि त्यावरची टीकाही ओळखीची आहे. सुशिक्षित मंडळी म्हणायची, हे कामगार पैसे उधळतात. तळलेलं खाऊन पोट बिघडवतात. दुकानांचा वास सहन होत नाही. आणि सगळ्यात मोठा आरोप आयांवर: या बायकांना स्वयंपाक येत नाही, आळशी आहेत, म्हणून पोरांना दुकानातलं खायला घालतात.

आता त्या 'आळशी' बाईचा दिवस बघू. लँकशायरमध्ये बायका मोठ्या संख्येने गिरणीत कामाला होत्या. पहाटे उठून दिवसभर मागावर उभं राहायचं. संध्याकाळी घरी आल्यावर आधी कोळशाची चूल पेटवायची, मग ती तापेपर्यंत थांबायचं, मग स्वयंपाक. कोळशाला पैसे लागतात, आणि पोरं तर आत्ता भुकेली आहेत. त्यापेक्षा कोपऱ्यावरून गरम मासा आणि बटाटे आणले तर पोट भरतं आणि सरपणही वाचतं. जॉन वॉल्टन या इतिहासकाराने या पदार्थावर आख्खं पुस्तक लिहिलंय. त्यात हा सगळा हिशेब सापडतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोणी, साखर, मांस सगळ्यावर रेशनिंग आलं, पण फिश अँड चिप्सवर सरकारने ते आणलं नाही. ज्या खाण्याला नावं ठेवली, त्याचाच संकटात आधार झाला.

चला, आता लालबाग-परळला परत.

इथेही तसंच. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एका खोलीत दहा-दहा जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. स्वयंपाकाला ना जागा ना वेळ. त्यांना जेवू घातलं खाणावळवाल्या बायकांनी. पहाटेपासून रात्रीपर्यंत भाकऱ्या थापायच्या, महिन्याच्या हिशेबावर उधारी सांभाळायची, किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरायचं. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून याच बायकांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

आणि मग वडापाव. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. पाळी सुटल्यावर, गाडी पकडायच्या आधी, उभ्या उभ्या खायचं. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको. दादोबांच्या काळात जो पाव धर्म बुडवत होता, तो आता गिरणी कामगाराचं पोट भरत होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि कामगारांच्या कितीतरी घरांनी वडापावच्या गाड्या टाकून संसार चालवले.

तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरात मात्र काय म्हटलं जायचं? 'गाडीवरचं खाऊ नये.' 'उघड्यावरचं असतं.' 'ती मुलं काय, वडापाववरच वाढतात.' यात स्वच्छतेची काळजी होती, ती खोटी नव्हती. पण 'ती मुलं' या शब्दांत काळजीशिवाय आणखी काहीतरी होतं. मागच्या रविवारी माझ्या तोंडून 'या लोकांना' निघालं, तेव्हा त्यात होतं तेच.

ही नजर फार जुनी झाली असं समजू नका. 2006 सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध शेफच्या मोहिमेनंतर शाळांच्या जेवणाचे नियम बदलले, पौष्टिक जेवण आलं. रॉदरहॅमजवळच्या एका शाळेबाहेर काही आया कुंपणातून मुलांना चिप्स आणि बर्गर देऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, देशभर चेष्टा झाली. त्या आयांचं म्हणणं होतं की मधली सुट्टी अपुरी पडते, रांग लांब असते, मुलं उपाशी राहतात. ते फोटोत दिसत नव्हतं. दोन वर्षांनी जेमीने त्याच रॉदरहॅममध्ये लोकांना स्वयंपाक शिकवण्याचा कार्यक्रम केला आणि त्या आयांपैकी एकीला सोबत घेतलं. हे मला आवडलं. आधी फोटो पाहून बोलणं झालं होतं, आता समोर बसून झालं.

नजर ओळखणारं स्वयंपाकघर

ऑक्टोबर 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं. पहिलं दुकान दिल्लीत वसंत विहारला, आणि लगेच मुंबईत वांद्र्याला. जगभर गोमांसाचा बर्गर विकणाऱ्या कंपनीने इथे गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही ठेवलं नाही. आलू टिक्कीचा बर्गर काढला. एवढंच नाही, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकघराचे वेगळे भाग केले, माणसंही वेगळी ठेवली. म्हणजे पंच हौदपासून चालत आलेली आपली नजर त्यांनी बरोबर ओळखली आणि तिच्या मापाचं स्वयंपाकघर बांधलं.

सुरुवातीला तिथे जाणं ही प्रतिष्ठा होती. वाढदिवस तिथे करायचे, फोटो अल्बममध्ये लावायचे. त्या काळातल्या आईने मुलाला बर्गर खायला नेलं तर ती 'हौशी' होती. आज तोच बर्गर, तेच मूल, पण शेजारची मी म्हणते, 'कंटाळा येतो का या लोकांना?'

आता कुणी म्हणेल, ताई, पण आता तर कारण खरं आहे ना? मीठ, साखर, तेल जास्त असतं, लहान मुलांसाठी चांगलं नाही. हो, खरं आहे. त्यात मी काहीच नाकारत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला कोल्ड्रिंक देऊ नये, हे डॉक्टरही सांगतात. ताडीने धर्म बुडतो आणि साखरेने दात किडतात, ही एकाच वजनाची विधानं नाहीत. पण मी त्या टेबलाकडे पाहिलं तेव्हा मला त्या बाळाच्या दातांची काळजी होती का? काळजी असती तर माझ्या बोलण्यात 'हे लोक' आलं नसतं. मला त्या क्षणी त्यांच्यापेक्षा जरा वर बसायचं होतं. धर्म गेला, जात बोलता येत नाही, तर आता आरोग्य हाताशी आहे.

लसणाची चटणी

शेवटी एक गोष्ट सांगते. ही सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा आई मला बर्गर खायला घेऊन गेली. आई एका कारखान्यात पॅकिंगला होती. त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून आली होती. आम्ही दोघी पहिल्यांदाच अशा ठिकाणी गेलो होतो. आईने बर्गरचा एक घास घेतला, जरा विचार केला आणि पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली. लसणाची चटणी. वरचा पाव उचलून तिने आत चटणी भुरभुरली आणि खुशीत म्हणाली, "आता लागतंय बघ काहीतरी. घे तूपण."

शेजारी कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या. त्या आमच्याकडे बघून हसल्या. की माझ्याकडे बघून हसल्याच नव्हत्या, त्यांचं त्यांचं काही चाललं होतं? आज मला सांगता येणार नाही. पण मी आईला म्हणाले, "आई, ठेव ना ते आत. लोक बघतायत."

आईने डबीचं झाकण लावलं. उरलेला बर्गर तिने कागदात गुंडाळला, "घरी दादाला देऊ" म्हणाली. त्यानंतर अशा ठिकाणी जायचं ठरलं की ती म्हणायची, "तुम्ही जा, मला नाही आवडत ते."

खूप वर्षं मला वाटत होतं की तिला खरंच आवडत नाही.

या भागाची तयारी करताना मी तिला फोन केला आणि विचारलं, "तुला आठवतंय का गं?" ती म्हणाली, "कसली चटणी? मला नाही बाई आठवत. तुझं काम झालं का? जेवलीस का?"

तिला आठवतंय. आवाजावरून कळतं.

1860 ची यादी, 1890 ची यादी, हे सगळं वाचताना मी दादोबांच्या बाजूची होते, रानड्यांच्या घरच्यांच्या बाजूची होते. इतिहासात आपण नेहमी बऱ्या बाजूलाच उभे असतो. पण त्या दिवशी टेबलावर 'पुणे वैभव' मीच होते आणि चहा पिणारी माझी आई होती.

पुढच्या महिन्यात आई माझ्याकडे येतेय. मी तिला बर्गर खायला नेणार आहे. यायला तयार होईल की नाही, माहीत नाही. लसणाची चटणी मात्र मी करून ठेवणार आहे, डबीही तीच शोधून ठेवली आहे.

तर मंडळी, तुमच्या घरात 'बाहेरचं खाऊ नये' याचं काय कारण सांगितलं जायचं? आजीचं वेगळं असेल, आईचं वेगळं असेल. त्यांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. विचारताना त्यांनी पहिल्यांदा बाहेर कुठे आणि कुणाबरोबर खाल्लं, तेही विचारा. आमच्या आजीने पाव पहिल्यांदा खाल्ला तो चोरून, असं आईने फोन ठेवता ठेवता सांगितलं. पायाने मळतात म्हणून आम्हाला सांगणारी आजी! ती गोष्ट पुढच्या वेळी.

तोवर काळजी घ्या, पोटभर जेवा. भेटू पुढच्या भागात.